पितळी काटा तिथेच राहिला

मी बॅरोमीटर बोलतोय. शाळेच्या पुस्तकात मला वायुभारमापक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोर्थेनर म्हणून एक लहान बंदर आहे. तिथे खेकडे धरणाऱ्या पॅस्कोच्या घरात, दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या आहेत, त्यांच्या शेजारी मी टांगलेला असतो.

स्वस्थ बसणं मला जमतच नाही. माझ्या पोटात हवा काढून घेतलेली एक पातळ पत्र्याची डबी आहे. बाहेरची हवा जड झाली की ती दबते, हलकी झाली की फुगते, आणि माझा काळा काटा सरकतो; डावीकडे उतरला की वादळपाऊस जवळ आला समजायचं. समुद्रावर काही शिजायला लागलं की आधी माझ्या पोटात कालवतं.

प्लिमथच्या कारागिराने मला आणखी एक काटा दिला, पितळी. तो आपणहून हलत नाही. रोज सकाळी माणसाने काचेवर टिचकी मारायची, काळा काटा कुठे आहे ते पाहायचं आणि पितळी काटा त्याच्यावर आणून ठेवायचा. म्हणजे आजपासून मी किती सरकलो, ते उद्या कळतं. तबकडीवर 'वादळ', 'पाऊस', 'स्वच्छ' असे शब्दही कोरलेत, पण ते गिऱ्हाइकाला खूष करायला. पॅस्को आपल्या लेकीला, मोर्वेनाला, कडेवर घेऊन सांगायचा, "शब्द वाचू नकोस पोरी. कुठून निघाला आणि किती घाईत आहे, तेवढं बघ." पितळी काटा फिरवायचा मान तिचा. तिची बोटं केशर घातलेल्या गोड पावाने चिकट झालेली असत. मला ते आवडायचं.

ती मोठी झाली, एक्सेटरच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागली. मग युरोपच्या व्यापारी संघात राहायचं की बाहेर पडायचं, याचं मतदान आलं आणि देशभर अंदाजांचं पीक आलं. एका अहवालात मोर्वेनाचाही हात होता. वर्तमानपत्रांनी त्यातला एकच आकडा उचलला आणि मोठ्या अक्षरात छापला. माणसांची ही खोडच आहे. काटा कोणी बघत नाही, सगळे शब्द वाचतात.

पॅस्कोने बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं. मासेमारीचं आपलं पाणी आपल्याला परत मिळेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. बाहेर पडायचं ठरलं. लगेच मंदी येईल असं मोठमोठे लोक सांगत होते, पण ख्रिसमस आला तरी ती काही आली नाही.

त्या ख्रिसमसला मोर्वेना घरी आली. पॅस्कोचा मेव्हणा डेन्झिल त्याच्याच होडीवर असायचा. त्याची जीभ म्हणजे कात्री. तिला बघताच तो म्हणाला, "काय प्रोफेसरीणबाई, तुमचं वादळ वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलं वाटतं?"

तिने हसण्यावारी नेलं. मंदीचा तो अंदाज चुकला हे कबूल केलं, आणि आपला वेगळा होता असंही सांगितलं. देश एकदम आपटणार नाही, हळूहळू उतरत जाऊ, आत राहिलो असतो तर जिथे असतो त्याच्या खाली.

"जे घडलंच नाही त्याची उंची कोणी मोजली?" पॅस्को म्हणाला.

प्रश्न वाजवी होता. पण मग आवाज चढले. ती म्हणाली, तुमचे खेकडे जिवंत असतात तोवर फ्रान्सवाले घेतात, उद्या लॉरी कागदांपायी सीमेवर उभी राहिली तर काय कराल? तो म्हणाला, "खेकडे विकून तुला शिकवलं ते आम्हाला घाबरवायला नाही." हे शब्द लागले. मी बघत होतो, तिचा चेहरा माझ्या काट्यापेक्षा झपाट्याने उतरला.

पॅस्को माझ्यापाशी आला, पितळी काटा काळ्यावर आणला आणि म्हणाला, "हा आता इथेच राहील. तुझं वादळ आलं की हलवू." मोर्वेनाने शेजारच्या खुंटीवरचा कोट काढला. दार आपटलं, त्या धक्क्याने माझा काळा काटा थरथरला. पितळी मात्र जागच्या जागी राहिला.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. पॅस्को सकाळी टिचकी मारायचा, पण पितळी काट्याला बोट लावायचा नाही. कालचं काही आठवत नसलेला बॅरोमीटर काय कामाचा? त्याने मग हवामान फोनवर बघायला सुरुवात केली. गाव म्हणे, काय हा हट्टी म्हातारा.

पुढे देश खरोखर बाहेर पडला. कागद वाढले, लॉरी खोळंबल्या, काही खेकडे वाटेतच मेले. पण त्याच सुमारास महामारी आली, मग युद्ध, मग डिझेल भडकलं. मधे एक उन्हाळा असाही गेला की इथल्याच हॉटेलांनी चढा भाव दिला. डेन्झिल सगळं खापर महामारीवर फोडायचा. पॅस्को कोट चढवताना मलाच विचारायचा, "यातलं तिने सांगितलेलं किती रे, आणि बाकीचं किती?" मला काय कळणार? मी हवेचं वजन सांगतो, कारण नाही. मोर्वेनाचा वाढदिवसाला फोन यायचा. दोघं पाऊसपाण्याचं बोलायचे आणि ठेवून द्यायचे. फोन ठेवल्यावर तो उगाच माझी काच पुसत बसायचा.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि पॅस्कोने होडी विकली. ते कळल्यावर मोर्वेना आली. केसांत पांढरं दिसत होतं. कोट अडकवताना तिची नजर माझ्यावर गेली.

"अजून तिथेच?" ती म्हणाली. "बाबा, मी जिंकले म्हणायला आले नाही. आमचं किती खरं ठरलं, त्यावर आम्हीच अजून भांडतोय."

"वादाचं कोण बोलतंय?" पॅस्को म्हणाला. "तू या दारातून गेलीस तेव्हाचा आहे तो. तिथून किती लांब आलो, ते रोज बघत होतो."

बराच वेळ तिचा हात त्या खुंटीवरच होता.

माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर भरवसा ठेवा किंवा ठेवू नका, चुकलो तर हसा. मात्र पितळी काटा एका दिवसावर खिळवून ठेवू नका. त्याने मी बिघडत नाही, माणसं बिघडतात.

"फिरव," पॅस्को म्हणाला. "मान तुझाच आहे."

तिने पितळी काटा काळ्यावर आणला. सवयीने पुन्हा एक टिचकी मारली, आणि मी किंचित डावीकडे घसरलो.

"उतरतोय, बाबा," ती म्हणाली.

"मग आज राहा."

खरं सांगतो, त्या वेळी मी मुद्दाम आणखी चार घरं खाली उतरलो असतो. पण पोटातल्या डबीला खोटं बोलता येत नाही.