चिमूटभर यीस्ट

हुबळीजवळच्या उणकलच्या नव्या वस्तीतल्या त्या घरात सात वर्षं एका बाटलीवरून भांडण चाललं होतं. बाटली साधीच, शीतपेयाची, दीड लिटरची. मुकुंदराव तिच्यात साखरेचं कोमट पाणी भरत, त्यात चिमूटभर यीस्ट टाकत आणि झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवत. यीस्ट साखर खाई, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघे आणि नळीतून हॉलमधल्या काचेच्या टाकीत जाई. त्यावर टाकीतल्या पाणवनस्पती पोसत. हुबळीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस, निवृत्त झाल्यावर दुसरं करणार तरी काय? टाकीत अकरा मासेही होते, पण ते झाडांना सोबत म्हणून.

कुसुमावतीबाईंचं म्हणणं एवढंच होतं की बाटलीला दारूचा वास येतो. तो यायचाच, कारण आत थोडी दारूच तयार होत होती. त्यांचे थोरले भाऊ वादिराजअण्णा हे धारवाडातले नावाजलेले वकील. दारूनं आधी त्यांची वकिली खाल्ली, मग घर आणि मग त्यांनाच खाल्लं. शेवटचे आठ महिने कुसुमावतीबाईंनीच त्यांचं सगळं केलं होतं. तो वास त्यांच्या नाकातून गेला नव्हता आणि जाणारही नव्हता.

"अगं, पिण्याची नव्हे की ही. झाडांची आहे," मुकुंदराव म्हणायचे.

"झाडांची असू दे, नाही तर देवाची असू दे. वास तोच की."

शेवटी तह झाला. बाटली मागच्या पडवीत राहील, नळी खिडकीतून आत येईल आणि दर पंधरा दिवसांनी बाटली भरून झाली की मुकुंदराव तीनदा साबणानं हात धुतल्याशिवाय बायकोच्या जवळपास फिरकणार नाहीत. त्यांनी तो तह शेवटपर्यंत निमूटपणे पाळला. कुसुमावतीबाई पडवीतून जाताना नाकाला पदर लावत आणि तो नीट दिसेल असाच लावत. बाईंचा स्वभावच तसा होता.

दोन हजार तीन साली गणपती उठले आणि पंधरा दिवसांत मुकुंदराव न्हाणीत पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. महिन्याभरानं घरी आणलं तेव्हा त्यांची खाट हॉलमध्ये, टाकीसमोर टाकली. डॉक्टर म्हणाले, डावा हात चांगला आहे, त्याच हातानं जेवू द्या, पण त्यांच्या मनात आलं पाहिजे. नेमकं तेच येत नव्हतं. चमचा हातात दिला की ते बोटं सैल सोडत. भरवायला गेलं तर दोन घासांवर तोंड फिरवत. महिन्याभरात छातीच्या फासळ्या मोजता येतील इतके वाळले. बायकोकडे तर बघतच नव्हते. बघत ते फक्त टाकीकडे.

आणि टाकी मरायला लागली होती. बाटली कधीच संपली होती. डिसेंबर उजाडेपर्यंत झाडांची पानं पिवळी पडून तळाशी गळू लागली.

शेजारच्या पार्वतक्का एकदा सहज बोलून गेल्या, "कुसुमक्का, मुकुंदअण्णा दिवसभर तेवढंच बघतात बघा. अय्यो, ते पण वाळलं तर त्यांनी काय बघायचं?"

ते वाक्य कुसुमावतीबाईंच्या जिव्हारी लागलं. नवऱ्याला जगायचं नाही, हे त्यांना आठवडाभर आधीच कळलं होतं. फक्त त्या ते मनातही उच्चारत नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्या बस पकडून हुबळीत कोप्पीकर रोडला गेल्या आणि बेकरीतून यीस्टच्या दोन पुड्या घेऊन आल्या. नाकाला पदर बांधून त्यांनी सात वर्षांत पहिल्यांदा त्या बाटलीला हात लावला.

आता किती यीस्ट घालायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण चाळीस वर्षं इडलीचं पीठ आंबवलेल्या बाईला कुणी कशाला सांगायला हवं? थंडीत पीठ फुगत नाही, त्याला ऊब लागते, जरा सढळ हात लागतो. त्यांनी अख्खी पुडी ओतली. बाटलीला जुन्या लुगड्यांची कौदी, गोधडीच ती, घट्ट गुंडाळली, रोज रात्री पिठाच्या डब्याला गुंडाळत तशी, आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या कडेला ठेवून नळी तिथूनच हॉलमध्ये ओढली.

संध्याकाळपर्यंत टाकीत बुडबुड्यांची माळ लागली.

"बघा हो," त्या हरखून म्हणाल्या, "तुमची झाडं जेवायला बसली."

मुकुंदरावांनी बुडबुड्यांकडे बघितलं, मग कित्येक दिवसांनी बायकोकडे बघितलं. डावा हात चादरीवर फडफडला, घशातून काहीतरी निघालं. त्यांना आनंद झाला, असं कुसुमावतीबाईंना वाटलं. त्यांनी त्या हातावर थोपटलं, देवापुढे साखर ठेवली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपल्या.

पहाटे स्टीलचा तांब्या फरशीवर आपटला तशा त्या धडपडत उठल्या. मुकुंदराव खाटेच्या कडेला लोंबकळत होते. चादर घसरली होती. तांब्या ठेवलेल्या, हाताला न लागणाऱ्या स्टुलापर्यंत पोचून तो पाडायला त्यांना किती वेळ लागला होता, देव जाणे. अख्ख्या पुडीचा वायू रात्रभर टाकीत साठला होता; सगळे मासे वर आले होते आणि तोंडं उघडून हवा मागत होते. काही आडवे झाले होते.

मुकुंदरावांनी डाव्या हातानं नळीकडे बोट दाखवलं आणि झटका दिला. कुसुमावतीबाईंनी नळी ओढून काढली. मग मुकुंदरावांनी हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. क्षणभर बाईंना कळेना. मग कळलं. त्यांनी पडलेला तांब्या उचलला, टाकीतलंच पाणी भरून उंचावरून टाकीत सोडलं. पुन्हा भरला, पुन्हा सोडला. पाण्यात हवा मिसळत राहिली. खांदा भरून आला तरी खाटेवरचा हात थांबेना, म्हणून त्याही थांबल्या नाहीत.

उजाडलं तेव्हा सात मासे पोहत होते. चार गेले.

कुसुमावतीबाई खाटेशी फरशीवरच बसल्या आणि रडू लागल्या. "काल तुम्ही हेच सांगत होता ना? नको म्हणत होता. आणि मी थोपटून झोपवलं तुम्हाला. सात वर्षं तुम्ही समोर करत होता हो, एकदा विचारलं असतं तर! मी मेली नाक धरून उभी."

खाटेच्या लाकडावर टकटक झाली. त्यांनी वर बघितलं. मुकुंदराव अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवत होते. चिमूट. एवढंच.

बाईंनी डोळे पुसले. बाटली पडवीत नेऊन ओतली, तिच्यात नवं साखरेचं पाणी भरलं आणि ती खाटेवर त्यांच्यापुढे धरली. दुसरी पुडी उघडली. मुकुंदरावांची पहिली चिमूट चादरीवरच सांडली. बाईंनी मदत केली नाही. दुसरी चिमूट बाटलीत पडली. बाटलीच्या तोंडाला राहिलेलं कालचं आंबलेलं पाणी त्यांच्या बोटांना लागलं.

लगेच त्यांनी हात बायकोपासून लांब धरला आणि न्हाणीच्या दाराकडे नजर वळवली. अंग गेलं, वाचा गेली, पण तह विसरले नव्हते.

कुसुमावतीबाईंनी तो हात ओढून घेतला आणि गालाला लावला. वास तोच होता, वादिराजअण्णांच्या खोलीतला. त्यांनी तो पोटभर घेतला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नका धुऊ."

मग स्वयंपाकघरातून गरम पेजेची वाटी आणून त्यांनी चमचा त्याच बोटांत दिला. बोटं सैल झाली नाहीत. पहिला चमचा अर्धा हनुवटीवर सांडला. दुसरा तोंडात गेला.