गाडी रस्त्यावर येईपर्यंत

२०२२ सालच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी अमरेशने सोलापुरात सात रस्त्यावरच्या आपल्या दुकानातली सगळ्यात भारी गिअरची सायकल काढली, हँडलला झेंडूची माळ बांधली आणि टेम्पोतून घरी आणून अंगणात उभी केली. जाड टायर, पुढे शॉकअप, लाल-काळा रंग. डोंगर चढायची सायकल हवी म्हणून आरोही केव्हापासून मागे लागली होती. आता पोरीचं तोंड बंद होईल, असं त्याच्या मनात होतं.

"घे. कंपनीतनं जुळवून, तपासून आलेली. आता तरी खूश?"

आरोही लॅबमधून नुकतीच आली होती. दिवसभर लोकांचं रक्त काढून दमलेली. तिने सायकल एका हाताने उचलून पाहिली, मग सीटवर बसली. पायाची बोटंसुद्धा जमिनीला टेकेनात. ती उतरली.

"चांगली हाय, अप्पा. पण मला नको. मी माझी मी जुळवणार."

"जुळवणार म्हणजे?"

"फ्रेम माझ्या मापाची घेणार. बाकीचं एकेक करून."

वैजयंती दारात उभी होती. नवऱ्याच्या कपाळावर आठी चढताना तिला दिसली. सायकलच्या व्यापाऱ्याची मुलगी, आणि सुटे पार्ट शोधत दुसऱ्यांची दारं पुजणार.

"सुटं घेशील तर दीडपट पैसे जातील," अमरेश म्हणाला. "एक बसलं तर दुसरं बसायचं नाही. वर्ष निघून जाईल."

"जाऊ दे की."

ओसरीवर रंभाबाई पाय पसरून बसली होती. ही अमरेशची थोरली बहीण. मैंदर्गीहून मुद्दाम आली होती आणि येताना अक्कलकोटचं स्थळ घेऊन आली होती. मुलाचं कापडाचं दुकान, मोठं घर. माणसं रविवारी बघायला यायची होती. सायकल आजच का आली, ते आरोहीला आता कळलं.

"घे की गं बाई," रंभाबाई म्हणाली. "बाप यवडी सायकल देतोय. रविवारी साडी नेस, सोमवारी सायकल फिरव. कोन न्हाय म्हनतंय?"

"सायकल पण नको आत्या, रविवार पण नको."

"ऐकलास का रं अमरेशा? तुज्या दुकानात गिऱ्हाइक तरी असं बोलतंय का?"

बहिणीसमोर एवढं झाल्यावर अमरेशचा पारा चढला.

"जुळव," तो म्हणाला. "पण माझ्या दुकानातला एक बोल्टसुद्धा घ्यायचा नाही. आणि तुझी गाडी रस्त्यावर येईल त्याच आठवड्यात पाहुणे घरी येतील. तोवर मी लग्नाचं नाव काढणार नाही. शब्द हाय माझा."

महिनाभरात पोरगी कंटाळेल, असं त्याला वाटलं.

"चालंल," आरोही म्हणाली.

लाल-काळी सायकल माळेसकट दुकानात परत गेली. दिवाळीनंतर पुण्याहून एक जुनी फ्रेम आली, राखाडी, ठिकठिकाणी खरचटलेली, पण तिच्या मापाची. ती मागच्या पडवीत खिळ्याला टांगली गेली. संक्रांतीला पुढचं चाक धरणारा चिमटा आला. मग हब, मग रिमा. सुट्टीच्या दिवशी ती चाकात तारा भरत बसायची, आणि चाक वाकडं फिरलं की सगळ्या तारा सोडून पुन्हा पहिल्यापासून बसायची. वैजयंती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा बी.कॉम.चे शेवटचे पेपर राहिले होते. ते राहिले ते राहिलेच. तिला कुणी विचारलं नव्हतं. न विचारता मिळालेला संसार वाईट होता असंही नाही. पण ग्रीसने काळ्या झालेल्या त्या हातांकडे बघता बघता तव्यावरची भाकरी करपायची.

अमरेश पहिले काही महिने पडवीकडे न बघताच जायचा. मग एका संध्याकाळी थांबला.

"हा चिमटा ह्या फ्रेमला बसायचा नाही. नळी जाड हाय."

"बघितलं मी. खालचा कप वेगळा टाकलाय."

त्याने वाकून पाहिलं, "हं" म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. त्यानंतर तो रोजच तिथे उभा राहू लागला, पण हात लावत नसे.

मैंदर्गीहून फोन यायचे. अक्कलकोटच्या मंडळींना रंभाबाईने कसंबसं थांबवून धरलं होतं.

पुढच्या वर्षीची दिवाळी झाली आणि ब्रेकही बसले. शेवटी आरोहीने पायडलं लावली, पाना ठेवला आणि गाडीकडे पाठ करून पायरीवर बसली.

"झाली की गं," वैजयंती म्हणाली.

"झाली. रविवारी बाहेर काढते."

"थांब की अजून. कुणाला काय कळतंय?"

"नको, अव्वा. अप्पांनी त्यांचा शब्द पाळला. मी पण चालंल म्हटलं होतं."

तिच्या आवाजात रडं नव्हतं, म्हणूनच वैजयंतीला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरोही लॅबला गेल्यावर वैजयंतीने पाना घेतला आणि डाव्या पायडलला लावला. नळ उघडतात तसा फिरवला. हलेना. पदर खोचून अंगाचा सगळा भार टाकला, तर ते आणखीच घट्ट बसलं. मागे चपला वाजल्या. अमरेश जेवायला आला होता.

"काय चाललंय?"

तिने पाना लपवला नाही.

"पायडल काढते."

"कशाला?"

"गाडी रस्त्यावर येऊ नये म्हणून. शब्द तुमचा आणि तिचा हाय. मी कुणाला शब्द दिलेला नाही."

अमरेश गाडीजवळ आला. वर्षभरात पहिल्यांदाच त्याने गाडीला हात लावला. मागचं चाक उचलून फिरवलं. चाक कुठेही न लचकता फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत तो बघत होता.

"डाव्या पायडलचे आटे उलटे असतात," तो म्हणाला. "मागच्या चाकाकडं दाब."

आणि तो ताट वाढून घ्यायला आत गेला.

गाडी होत आल्याचं फोनवर कळलं म्हणून संध्याकाळी रंभाबाई मैंदर्गीहून आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधीच पडवीत शिरली.

"झाली म्हनं गाडी?"

"कुठं?" अमरेश म्हणाला. "एक पायडल नाही अजून."

"सायकलीच्या दुकानदाराच्या घरात पायडल न्हाय? लोकं हसत्याल की."

"हसू दे. माझ्या दुकानातलं घ्यायचं नाही, असं ठरलंय."

रंभाबाईने भावाकडे पाहिलं, मग वैजयंतीकडे. वैजयंतीने तिच्यापुढे चहा ठेवला.

त्या उन्हाळ्यात अक्कलकोटच्या मुलाचं लग्न विजापूरकडच्या मुलीशी झालं. त्याचं सगळं छान चाललंय. रंभाबाई बरेच महिने बोलत नव्हती. पण पुढे आजारी पडून सोलापूरला आली, तेव्हा रक्त आरोहीनेच काढायचं, दुसऱ्या कुणाला सुई लावू देणार नाही, असा तिने हट्ट धरला. अमरेश अजून तयार सायकलीच विकतो आणि सुटे पार्ट जुळवणं म्हणजे वेडेपणा, असं गिऱ्हाइकांना बजावून सांगतो. अक्कलकोटचं लग्न झाल्यावर डावं पायडल परत बसलं, पाहुण्यांचं नाव अमरेशने काढलं नाही, आणि आरोही सुट्टीला त्याच गाडीवर तुळजापूरचा घाट चढून येते. लग्न तिने केलेलं नाही. करणार नाही असंही म्हटलेलं नाही.

गेल्या वर्षी मैंदर्गीला एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईने वैजयंतीला विचारलं, पोरीचं कुठं जमलं की नाही?

"ती नको म्हणते," वैजयंती म्हणाली, आणि वाढप्याला थांबवून तिने आणखी गव्हाची गोड हुग्गी वाढून घेतली.