वीस ज्यूलचा आकडा

बिटकॉइनच्या यंत्रात बसणाऱ्या नव्या चिपचा आकडा वनलानने स्वतः मोजला होता: एका टेराहॅशला, म्हणजे ठरावीक आकडेमोडीला, वीस ज्यूल वीज. शेन्झेनमधल्या त्या कंपनीत चाचणीची रीत ठरलेली होती. ढिगातून सर्वांत कमी वीज खाणाऱ्या चिपा निवडायच्या, खोली गार ठेवायची आणि मीटर थेट चिपांच्या पट्टीला जोडायचा. भिंतीतल्या सॉकेटला जोडला तर पंखे आणि पॉवर सप्लायही मोजले जातात. तसंही तिने एकदा करून पाहिलं होतं. साध्या चिपा, साधी खोली: सव्वीस. तिचे साहेब लुओ म्हणाले, पंख्याची वीज पंख्याच्या नावावर टाक, आपण चिप विकतो.

दालिन तिचा थोरला भाऊ. सिचुआनच्या डोंगरात, एका छोट्या धरणाशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये तो बिटकॉइनची यंत्रं चालवायचा. धरणवाल्याने विजेची मर्यादा बांधून दिली होती. जास्त ओढली की शेड दुसऱ्याला. जुनी यंत्रं भंगारात घालून तेवढ्याच विजेत नवी किती बसतील, हे त्याला काढायचं होतं. वीस धरू का, असं त्याने ती कामावर असताना फोनवर विचारलं. कंपनीत नोकरांचे फोन चोरून ऐकतात, असं सगळे म्हणत.

"मीच मोजलाय, दादा," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

त्याने वीस धरून शेड गच्च भरली. उन्हाळ्यात पत्रा तापला, पंखे किंचाळायला लागले, मेन स्विच रोज पडायला लागला. धरणवाल्याने शेड काढून घेतली.

यंत्रं विकायला दालिन शेन्झेनला आला. शेवयांच्या दुकानात बसून त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि तो वनलानच्या हातात दिला. "बाई कझाकस्तानला नेणार आहेत. तू कंपनीतली, तुझा शब्द चालेल."

आवाज वयस्कर होता. बाईंनीही तेच विचारलं: वीस धरू ना, पोरी?

"भिंतीवर मोजलं तर सव्वीस, मावशी. उन्हाळ्यात त्याहून जास्त."

बाईंनी आभार मानून फोन ठेवला. दालिनने काड्या वाटीत ठेवल्या.

"ओळख ना पाळख, तिला एका दमात सांगितलंस. मला का नाही गं?"

नोकरी गेली असती, एवढंच ती म्हणाली.

"असं होय," म्हणत त्याने शेवया संपवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला फोन घेऊन दुकानाबाहेर गेला.