ग्रहण सुटल्यानंतरचे पाणी

सकाळी सहा वाजता माझ्या टाकीतले सगळे पाणी मोरीत ओतण्यात आले. मी तेव्हा शेजारच्या बादलीत होतो.

मित्रांनो, मी एक जुना गोल्डफिश आहे. वाराणसीत दुर्गाघाटाच्या गल्लीत यज्ञेशगुरुजींच्या घरी मी एका काचेच्या टाकीत राहतो. सोबत एक काळी मासोळी आहे. गुरुजींची कॉलेजात जाणारी मुलगी कस्तुरी आमची देखभाल करते. माझा जन्म कुठल्याशा तळ्यातला म्हणतात, पण मला आठवतात त्या भिंतीच: आधी पिशवीची, मग दुकानाची, मग ही. घरी येणारे यजमान संकल्पाला बसण्याआधी माझे कौतुक करीत. मी काचेपर्यंत जाई आणि परत फिरे.

आम्ही ज्या कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यांतूनच अमोनिया बाहेर पडतो. ते विष आहे. नदीतला मासा तसले पाणी मागे टाकून पुढे जातो. माझे पाणी माझ्याबरोबरच कोंडलेले असते. इतकी वर्षे मी जगलो तो फिल्टरच्या स्पंजामुळे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहत आणि अमोनियाचे फारसे न बाधणारे क्षार करीत.

आदल्या रात्री चंद्रग्रहण होते. या घरात ग्रहणाआधी माठात, दुधात, लोणच्याच्या बरणीतही दर्भाची काडी ठेवतात. ज्यात काडी नाही, ते साठवणीचे पाणी ग्रहण सुटल्यावर टाकून देतात. टाकीत काडी ठेवायची राहून गेली होती. गुरुजी नियमाला पक्के. त्यांनी टाकी घासली, खडे धुतले, स्पंज नळाखाली पिळून गच्चीवर उन्हात वाळवला. साबण लावला नाही. नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंबही आठवणीने टाकले.

संध्याकाळी कस्तुरी घरी आली.

"बाबा, स्पंज कुणी धुतला?"

"मीच. केवढा मळ होता त्यात. आता बघ, पाणी एकदम साफ."

"तो मळच तर पाहिजे होता. लोणच्याला काडी मिळाली, माझ्या माशांना नाही?"

"घाटावर गर्दी किती होती. राहिलं."

"जाऊ दे," तिची आई तेजश्री स्वयंपाकघरातून म्हणाली. "मासे सोवळ्यात आहेत आता. शिवू नकोस त्यांना."

कुणी फारसे हसले नाही.

तिसऱ्या दिवशी कस्तुरीने काचेच्या नळीत पाणी घेऊन अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले. माझे कल्ले जळत होते. काळी तळाशी बसली होती. कस्तुरीने आमचे खाणे बंद केले आणि थोडे पाणी बदलले. पुढच्या सकाळी नळी पुन्हा हिरवी झाली.

"गंगेपलीकडे रामनगरला निमिषकडे जुनी टाकी आहे," ती वडिलांना म्हणाली. निमिष तिच्या वर्गात आहे. "त्याचा चालू स्पंज आपल्या फिल्टरमध्ये घातला तर वाचतील. मी इथून हलू शकत नाही. तुम्ही जाल?"

"जाईन."

"त्याच्याच पाण्यात बुडवून आणायचा. धुवायचा नाही."

"म्हणजे मळका स्पंज पिशवीत घालून मी नावेत बसू? ओळखीचे लोक असतात, बेटा."

"प्लीज, बाबा."

गुरुजींनी खांद्यावर उपरणे टाकले आणि ते गेले.

मित्रांनो, तुमच्याकडे मासे असतील तर टाकीतले सगळे एकाच दिवशी धुऊ नका. थोडे पाणी बदला आणि टाकीतून काढलेल्या त्या जुन्या पाण्यातच स्पंज हलका पिळा. जे पाणी तुम्हाला निर्मळ दिसते, त्यात आम्हाला राहायचे असते, आणि आम्हाला दार नसते.

आता दिवस मावळतो आहे. काळी एका कुशीवर कलली आहे, तिचा कल्ला अजून हलतो. कस्तुरी काचेला कपाळ टेकून बसली आहे. मघाशी तिच्या फोनवर वडिलांचा निरोप आला: स्पंज मिळाला, नाव सुटली, पण वास फार येतो आहे.

'गंगेतसुद्धा धुवू नका,' असे तिने लगेच लिहिले. त्यावर उत्तर आलेले नाही.