झाकणावरचं लेबल

दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता मी टीव्हीसमोर बसायची ती भांडायच्या तयारीनेच. मालिका खुनाच्या तपासाची, आणि सगळा तपास प्रयोगशाळेत चालायचा. मी स्वतः तेवीस वर्षं अशाच एका सरकारी प्रयोगशाळेत, विष विभागात काम करते. पोलीस सीलबंद बाटल्या आणून देतात. मेलेल्या माणसाच्या पोटात काय गेलं होतं ते आम्ही शोधतो, अहवाल लिहितो, आणि पुढे कधीतरी न्यायालयात उभं राहून त्या अहवालातली एकेक ओळ सांभाळतो. त्यामुळे पडद्यावरची ती उंच टाचांची तज्ज्ञबाई केस मोकळे सोडून नमुन्यावर वाकली रे वाकली, की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. नवरा बिचारा निमूटपणे टीव्हीचा आवाज वाढवायचा.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत अख्खा विभाग माझ्याभोवती जमायचा. तीन मिनिटांत अहवाल देणारं यंत्र, निळ्या अंधारात चाचपडत काम करणारी माणसं. "आपल्याकडे दिवे गेले की आपण वीजवाल्याला बोलावतो, यांच्याकडे मुद्दाम घालवतात," असं मी म्हटलं की लोक पोट धरून हसायचे. खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली होती. त्याआधी तेवीस वर्षांत माझ्या बोलण्यावर तिथे कोणी हसलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्यापासून लपवली होती. त्या मालिकेतली प्रयोगशाळा माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने उभी केली होती. तो मालिकांचं नेपथ्य करतो. प्लायवूडच्या भिंती, खोट्या खिडक्या, ज्यांच्यामागे काहीच नसतं अशी दारं. आजवर त्याच्या वाट्याला श्रीमंतांचे दिवाणखानेच आले होते, सासूला वरून ओरडता यावं म्हणून एक भलामोठा जिना असलेले. हे पहिलंच वेगळं काम. पहिला भाग लागायचा होता त्या दिवशी त्याने मला तीनदा फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. "ताई, कशी वाटली आमची प्रयोगशाळा?" मी म्हटलं, "छान आहे रे." आणि दुपारी जेवताना तिची यथेच्छ टिंगल केली.

मग कोणीतरी म्हणालं, हे सगळं लिहून काढा की. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत प्रेक्षकांची मतं छापायचे. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेच होते. रविवारी एका बैठकीत लिहून टाकलं. त्यातला एक उतारा माझा मलाच फार आवडला होता आणि नेमका तोच त्यांनी चौकटीत छापला: 'या मालिकेत नमुन्याचं लेबल बाटलीवर नसतं, झाकणावर असतं. दोन झाकणांची अदलाबदल झाली की एकाचं विष दुसऱ्याच्या नावावर! कालचा शिकाऊ माणूससुद्धा ही चूक करणार नाही. ही प्रयोगशाळा मांडणाऱ्याने या कामातल्या एका तरी माणसाला विचारायची तसदी घ्यायला हवी होती.' खाली माझं नाव आणि पद. विभागात पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

त्यानंतर भावाचे फोन यायचे बंद झाले. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. सुरुवातीला मी मनातल्या मनात वकिली केली. मी त्याचं नाव कुठे घेतलं होतं? मत मालिकेबद्दल होतं, त्याच्याबद्दल नव्हतं. एवढ्या काय नाकाला मिरच्या झोंबायच्या! पण आठवड्यातून दोनदा फोन करणारा भाऊ गप्प झाला की घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. चौथ्या रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले.

भावजयीने दार उघडलं, हसली नाही. भाऊ गॅलरीत एका फळीला रंधा मारत होता. "ये ताई," म्हणाला, अंगावरचा भुसा झटकला आणि स्वतःच चहा टाकायला गेला. तसा तो नेहमीसारखाच होता, फक्त माझ्याकडे बघत नव्हता.

"रागावलायस का?" मी विचारलं.

"नाही गं."

"मग त्या मालिकेचं काय चाललंय?"

तो काही बोलायच्या आत भावजय म्हणाली, "मालिकेतून काढलं त्यांना. तुमचं ते छापून आलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. निर्मात्याने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि विचारलं, कोणाला विचारून केलंस हे? हे म्हणाले, माझ्याच मनाने केलं. आता दुसऱ्या एका मालिकेत स्वयंपाकघर लावताहेत."

तेव्हाही मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, "अरे, पण मग मला नाही का विचारायचंस? मी तर घरातली होते."

भावजय माझ्याकडे बघतच राहिली. मग आत गेली, एक वही घेऊन आली आणि पान उघडून माझ्यापुढे ठेवली. भावाचं गोल, पोरकट अक्षर. वर तारीख. त्याखाली 'ताईने सांगितलं' आणि त्याखाली ठळक रेघ. झाकणं लाल. फळ्या उघड्या. लेबल झाकणावर. शेजारी एक छोटी बाटली काढून झाकणाकडे बाण दाखवला होता.

ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. दुसऱ्या दिवशी न्यायालयात द्यायचा अहवाल अर्धवट होता आणि मी फोन कान आणि खांद्यात धरून लिहीत होते. त्याने आधी विचारलं होतं की तासाभरासाठी प्रयोगशाळा बघायला येऊ का. मी म्हटलं, बाहेरच्यांना मनाई आहे. एक अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती. मग तो एकेक विचारत गेला आणि मी तोंडाला येईल ते सांगत गेले. "आणि लेबल कुठे लावता, ताई?" "लाव रे झाकणावर, कोण बघतंय!" असं म्हणून मी फोन ठेवला आणि साफ विसरून गेले. त्याने मात्र माझा शब्द प्रमाण मानून चारशे झाकणांवर लेबलं चिकटवली होती.

भावाने चहा आणला, वही दिसताच ती मिटून बाजूला ठेवली. "कशाला काढलीस ही," तो बायकोला म्हणाला.

"तू त्यांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "सांगायचं ना, बहिणीने सांगितलं म्हणून!"

"काय सांगू? खाली तुझं नाव होतं, पद होतं. याच बाईने मला लेबल झाकणावर लावायला सांगितलं, असं मी तिथे म्हटलं असतं, तर चार दिवसांत तेही छापून आलं असतं. मग तू साक्षीला उभी राहिलीस की समोरचा वकील पहिलं तेच विचारणार. तुझे आजवरचे सगळे अहवाल खोटे पाडायला बसले असते ते." त्याने कप माझ्या हातात दिला. "मला कामं मिळतात गं. चहा घे, निवतोय."

मला रडू कोसळलं. मी म्हटलं, मी खरं काय ते लिहून पाठवते, आजच्या आज. त्याने मान हलवली. "काही लिहू नकोस. मग मी गप्प राहून काय मिळवलं?"

घरी येऊन मी लिहिलंच. चार ओळी झाल्या. चूक नेपथ्यकाराची नाही, माझी आहे. त्याने मला विचारलं होतं. लिफाफ्यावर वर्तमानपत्राचा पत्तासुद्धा घातला. मंगळवारी माझी साक्ष होती. वकिलाने विचारलं, "बाटल्यांवरची लेबलं तुम्ही स्वतः तपासली होती?" मी खणखणीत आवाजात "हो" म्हटलं आणि न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. माझ्या शब्दावर तिथे कोणी शंका घेतली नाही.

लिफाफा मी अजून टपालात टाकलेला नाही. दोन वर्षांनी निवृत्त होईन, मग पाठवीन, असं मी स्वतःला सांगते. तोवर ती मालिका कोणाला आठवणारही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच मी दोन वर्षं म्हणते.