दहा मिनिटे पुढे

मित्रांनो, मी एक जुने, चावीवर चालणारे घड्याळ आहे. बदनापूरला स्टेशनच्या मागे बद्रीनाथ यांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या भिंतीवर मी टांगलेले आहे. त्यांच्या पत्नीने, दैवशालाने, मला जालन्याच्या बाजारातून आणले. घेण्याआधी तिने मला कानाशी धरून ऐकले आणि ती हसली.

बद्रीनाथ रोज रेल्वेने जालन्याला कामाला जात. माणूस भला, पण सुस्त. गाडी चुकू लागली, तेव्हा दैवशाला स्टुलावर चढली आणि तिने माझा काटा दहा मिनिटे पुढे सरकवला.

"अवो, उठा की! थांबायला गाडी काय तुमच्या सासऱ्याची हाय का?"

"तुझ्या घड्याळामागं कुत्रं लागलंय का गं? नुसतं पळून राह्यलंय!"

मी पुढे आहे हे त्यांना ठाऊक होते. तरी ते मला पाहून उठत आणि त्यांना गाडी मिळे. चुकीची वेळ दाखवणे ही घड्याळाला लाज. या घरात मात्र त्याचेच कौतुक झाले.

चिंचेच्या झाडाला मिनिटे लागत नाहीत, गायीला लागत नाहीत. माणसालाच का लागतात, हे मला कळत नसे. मग मी पाहिले, संध्याकाळी दैवशाला माझ्याकडे बघून तवा चुलीवर ठेवायची. ज्याला कुणाची वाट पाहायची असते, तो वेळ मोजतो.

पुढे घरात मोबाइल आले. माझ्याकडे फक्त ती दोघे बघत राहिली.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी माझ्याच खाली, पलंगावर, दैवशाला गेली. गुरुजींना फोनवर सांगायला शेजारच्या पुंजारामने ती गेल्याची वेळ विचारली. बद्रीनाथांनी सवयीने माझ्याकडे पाहिले. "चार."

"काका, चार कुठं? चारला दहा मिनिटं हायेत अजून."

बद्रीनाथांनी तिचा हात घट्ट धरला. बायका तिला खाली घ्यायला आल्या, तर म्हणाले, "थांबा. अजून चार वाजले न्हाईत."

जगाचे चार वाजेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

तेव्हापासून रोज माझे चार वाजले की ते माझ्याखाली येऊन बसतात. मोबाइलमध्ये चार होईपर्यंत बोलत नाहीत. तेवढ्या वेळात आत बांगड्या वाजल्याचा मलाही भास होतो. नीट ऐकावे म्हटले, तर माझीच टिकटिक आड येते.

चावी आता तेच देतात. स्टुलावर चढताना त्यांचे पाय थरथरतात. ते बघून परवा सून प्रिया स्वतः चढली.

"मामा, चावी मी देते. अन् हे लई पुढं गेलंय, बराबर करून टाकते."

"काट्याला हात लावू नको!"

त्यांना असे ओरडताना मी कधी ऐकले नव्हते. मग ते हळूच म्हणाले, "जगात ती न्हाई, पोरी. तेवढ्या दहा मिनिटांत हाय."

प्रियाने काट्यावरचे बोट काढले. पदराने माझी काच पुसली.

"आत्याबाई चावी किती फिरवायच्या?"

"घट्ट होईस्तोवर. पण जोर न्हाई लावायचा."

मित्रांनो, कुणाच्या घरी घड्याळ पुढे दिसले, तर लगेच नीट करू नका. ते कुणी पुढे लावले, हे आधी विचारा. आणि चावी मात्र चुकवू नका. मी थांबले, तर माझे चार वाजणार नाहीत. मग ते तिला भेटायला कधी येतील?