भिंतघाशाची अक्कल

राक्षस बोलत नाही, हा त्या घरातला पहिला नियम होता.

दुसरा असा, की राक्षस किती पाण्यात आहे ते त्याच्याशी लढणाऱ्यानं ठरवायचं. "मार कुणी खाल्ला? तू," बाबा म्हणायचे. "मग तूच सांग कसा होता. मी काय सांगणार? मी राक्षस."

बाप आणि मुलगी मिळून पटावरचे खेळ छापणाऱ्या एका कंपनीसाठी राक्षस जोखायचे. कंपनीचे चित्रकार गठ्ठ्यानं राक्षस काढून पाठवत. कुणाला सात तोंडं, कुणाच्या पोटात भट्टी, कुणी नुसताच चिखल आणि त्यात दोन डोळे. चित्राखाली दोन ओळी असायच्या: राहतो कुठं, खातो काय. पण लढायला उतरला तर हा गडी करील काय, ते चित्रकाराच्या बापालाही ठाऊक नसे. ते या दोघांनी खेळून शोधायचं आणि दहापैकी दोन आकडे द्यायचे. एक कसबाचा, एक अकलेचा.

लोकांना ही एकच गोष्ट वाटते. बाबांना हे ऐकलं की चीड यायची. घाव घालता येणं हे कसब. आपल्याला काय येत नाही ते ओळखून वागणं ही अक्कल. दगडपोट्याला तिनं कसब नऊ आणि अक्कल एक दिली होती, कारण दार स्वतःकडे ओढायचं असतं हे त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही, तो आपला धडका देत राहिला. जळकी आजी मात्र कसबात दोन आणि अकलेत आठ. म्हातारी लढायचीच नाही. पुलावर बसून राहायची. समोरचा दमला, की उठायची.

काम जेवणाच्या टेबलावर चाले. टेबलावर खडूनं चौकटी आखलेल्या, भिंतींसाठी लाकडी ठोकळे. राक्षस म्हणजे जुन्या कपाटाची पितळी मूठ. लढवय्या म्हणजे दोऱ्याची रिकामी रीळ. मूठ कायम बाबांच्या हातात आणि रीळ तिच्या. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून हे असंच होतं आणि तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरी बदललं नव्हतं. डाव सुरू झाला की बाबांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही वाचता यायचं नाही. डाव संपल्यावर तिनं विचारावं, "तुम्ही तिथं मागं का वळलात?" तर ते चष्मा पुसत म्हणायचे, "राक्षसाला विचारायला जातेस? जा, बघू किती जवळ जातेस ते."

मग बाबा गेले. डोक्यात गाठ होती. अंघोळीहून येताना भोवळ येऊन पडले ते उठलेच नाहीत. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तिला बाहेरच्या बाकावर बसवून विचारलं होतं, "गेल्या वर्षभरात डाव्या अंगाला धडकत होते का? दाराची चौकट, टेबलाचा कोपरा, असं काही?" तिनं नीट आठवून पाहिलं होतं आणि खरं तेच सांगितलं होतं. नाही. एकदाही नाही.

त्यानंतर घरात कुणी कुणाशी लढलं नाही. टेबलाच्या एका कोपऱ्यावर ती जेवायची. उरलेल्या टेबलावर खडूच्या चौकटी तशाच होत्या. फडकं मारताना ती त्यांच्या कडेकडेनं मारायची.

एका दुपारी कंपनीच्या संपादकबाई आल्या. त्यांना सगळे मागं कात्रीबाई म्हणत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. चांगलं चाललेलं पान कापायचा त्यांचा हातखंडा होता. दारातच चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "चहा नको. आधी वाईट बोलते, मग वाटलं तर चहा दे."

"बोला."

"तुमचा शेवटचा राक्षस. तो मी काढतेय."

कात्रीबाईंनी पिशवीतून चित्र काढून टेबलावर ठेवलं. लांबट, राखाडी, मान खांद्यात घुसलेली, अंगाच्या एका बाजूची कातडी घासून गुळगुळीत झालेली. चित्रकारानं पाठवला तेव्हा त्याला नाव नव्हतं. भिंतघाशा हे तिनंच ठेवलेलं, आणि नावावरून चित्रकारानं मागाहून ती गुळगुळीत बाजू काढली होती.

"शेवटच्या दालनात बसवलाय आपण याला," कात्रीबाई म्हणाल्या. "लोक आधीची सगळी दालनं पार करून, नाकी नऊ येऊन तिथं पोचतात आणि हा पठ्ठ्या उभ्या उभ्या मरतो. चार ठिकाणी खेळून बघितला. सगळ्यांना लगेच कळतं. डावीकडून जा, याला पत्ताच लागत नाही. तू तरी काय लिहिलंयस? कसब सहा, अक्कल दोन. दोन अकलेचा प्राणी शेवटच्या दालनात कशाला हवा? दारवान म्हणून तरी चालेल का?"

"बाबांचा शेवटचा आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर फोन न करता आले."

हे त्या मऊ आवाजात बोलल्या नाहीत, त्याबद्दल तिला बरं वाटलं. ती उठली, खणातून मूठ आणि रीळ काढली. "एक डाव खेळा. मग काढा."

"तुझ्याशी?"

"दुसरं कोण आहे इथं?"

कात्रीबाईंनी रीळ उचलली आणि त्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या. म्हणजे आता तिच्यासाठी बाबांची खुर्चीच उरली. ती भिंतीला लागून होती. आधी बाबा खिडकीकडे बसायचे. गेल्या वर्षी एका सकाळी ती उठली तर त्यांनी आपली खुर्ची उचलून या अंगाला आणलेली. "उजेड डोळ्यावर येतो," म्हणाले. ती बसली. डाव्या कोपराला भिंतीचा गारवा लागला. पितळी मूठ हातात धरली तर ती तिला वाटली होती त्याहून जड निघाली.

तिला बाबांसारखंच खेळायचं होतं, आणि ते अवघड नव्हतं. भिंतघाशाच्या चाली तिला तोंडपाठ होत्या. समोर कुणी आलं तर तो चपळ होता, उजवीकडून आलं तर त्याहून चपळ. डावीकडच्या चौकटीत तुम्ही येऊन उभे राहिलात, तरी तो ढिम्म. कात्रीबाईंनी दोन चालींत रीळ डावीकडे नेली आणि मूठ आडवी केली. पुन्हा मांडला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांनी जांभई दिली.

"बघ," त्या म्हणाल्या. "मला मेलीला भाजी चिरताना बोट सांभाळता येत नाही. माझ्याकडून मरतो हा."

ती मूठ ठेवायला खणाकडे वाकली. खणात ठोकळ्यांची पेटी होती. पेटीवर हात पडला आणि तो तिथंच राहिला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी भिंती होत्या."

"कसल्या?"

"दालनाच्या. सुरुवातीला आम्ही हा दालनातच खेळायचो. मी हरायचे. सारखी हरायचे. पहिल्या चालीलाच भिंतीकडे धूम ठोकायचा आणि भिंतीला अंग घासत पुढं सरकायचा. हातीच लागायचा नाही. मला कंटाळा आला. मीच म्हटलं, बाबा, काढून टाकू या भिंती, मोकळ्यात लढा की मर्दासारखे. मोकळ्यात मी जिंकले. तसंच लिहून पाठवलं. याच्या दालनाला भिंती नकोत, मैदान मोकळं असावं."

"आणि ते काय म्हणाले?"

"काही नाही. राक्षस बोलतो का?"

पण हे पूर्ण खरं नव्हतं. तिनं कागदावर अकलेपुढं दोन लिहिलं, तेव्हा बाबांनी मान कलती करून तो कागद पाहिला होता आणि विचारलं होतं, "दोनच?" इतक्या वर्षांत आकड्यावर त्यांनी एवढंच विचारलेलं. ती हसून म्हणाली होती, "डावीकडून कुणी येतंय हे ज्याला कळत नाही, त्याला आणखी किती देऊ?" त्यावर बाबाही हसले होते. मग उठून आत गेले, दाराच्या चौकटीला हात लावून, मधोमध.

तिनं ठोकळे मांडले. चारी बाजूंना भिंत, एक दार. कात्रीबाई सावरून बसल्या.

मूठ पहिल्याच चालीला भिंतीकडे गेली आणि भिंत डाव्या अंगाला घेऊन उभी राहिली. कात्रीबाईंनी रीळ डावीकडे न्यायला उचलली. डावीकडे जागाच नव्हती. त्या मागून यायला गेल्या, तर मूठ मागं सरकत कोपऱ्यात गेली. आता मागंही भिंत. समोरून आल्या आणि मार खाल्ला. उजवीकडून आल्या, आणखी खाल्ला. दुसऱ्या डावात त्यांनी त्याला फूस लावून दालनाच्या मध्यावर आणायचा प्रयत्न केला. भिंतघाशा जागचा हलला नाही. तिनं हलवला नाही म्हणण्यापेक्षा तिचा हात हलला नाही, कारण तिला आठवत होतं तिथं बाबांचा हात कधीच हलला नव्हता. तिनं तेव्हा किती चिडवलं होतं. बाहेर या की, भित्रट! ते हूं की चूं करायचे नाहीत.

कात्रीबाईंनी रीळ आडवी ठेवली आणि खुर्चीला टेकल्या.

"अगं, याला डावीकडचं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"हो. ते तर..."

"तसं नव्हे. दिसत नाही हे याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून सगळा खटाटोप. आणि समोरच्याला कळू नये म्हणून आव असा, की जणू भिंतच आवडते. लबाड आहे गं फार!" त्या खुशीत हसल्या. "चहा टाक आता."

ती उठली नाही. तिचा डावा हात भिंतीवर होता.

बाबा जेवता जेवता ताट फिरवायचे. अर्धं जेवण झालं की ताट गर्रकन अर्धं वळवायचे, आणि ती म्हणायची, गाडीचं चाक आहे का ते? जिन्यावरून उतरताना ते कठड्याच्या बाजूनं न उतरता भिंतीच्या बाजूनं उतरायचे. वर्तमानपत्र तिरकं धरायचे. आणि बाहेर पडलं की फाटकाशीच म्हणायचे, "तू या हाताला ये." ती डाव्या हाताला जायची आणि ते तिच्या खांद्याला खांदा लावून चालायचे. गर्दीत सुद्धा. तिला वाटायचं, म्हातारपणी माणूस मायाळू होतो.

एकदाही धडकले नव्हते. डॉक्टरला तिनं खरं तेच सांगितलं होतं.

"काय झालं?" कात्रीबाईंनी विचारलं.

"काही नाही. उजेड आला डोळ्यावर."

खिडकी तिच्यापासून लांब होती. कात्रीबाईंनी खिडकीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पिशवीतून पेन काढलं. "हा राहतोय. भिंतींसकट. मोकळं मैदान मी खोडते. आता आकडे सांग."

"मी नाही सांगायचे. मी राक्षस होते."

"म्हणजे?"

"लढला त्यानं द्यायचे. मार कुणी खाल्ला?"

"बरं बाई." कात्रीबाईंनी चित्राची पाठ वर केली. "कसब सहा असू दे. जेवढा दिसतो तेवढाच मारतो." पेन थोडा वेळ कागदावर तसंच टेकून राहिलं. "अक्कल नऊ."

"नऊच?" तिच्या तोंडून निघून गेलं.

राक्षसानं विचारू नये ते तिनं विचारलं होतं. कात्रीबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या गुण कापायच्या कामात रमल्या होत्या. "एक कापला. एकटा लढतो म्हणून. एवढी हुशारी केली, मग डाव्या अंगाला कुणाला तरी सोबत घ्यायला काय धाड भरली होती? भिंत काय सगळीकडे मिळते?"

"घेतलं होतं," ती म्हणाली.

"कुणाला?"

तिनं ठोकळे एकेक करून पेटीत ठेवायला सुरुवात केली. कात्रीबाई आपणच स्वयंपाकघरात जाऊन चहाचं भांडं शोधू लागल्या. "साखर कुठं ठेवता गं तुम्ही?" त्या आतून ओरडल्या. त्या घरात आता 'तुम्ही' म्हणायला दोन माणसं नव्हती. पण तिनं जुन्या सवयीनं सांगितलं, वरच्या फळीवर, डावीकडे. मग उठून स्वतःच पाहायला गेली. साखरेचा डबा उजव्या टोकाला होता. सगळेच डबे उजव्या टोकाला सरकवलेले होते आणि डावी अर्धी फळी रिकामी होती. इतके दिवस ती रोज तिथून साखर घेत होती.

चहा झाल्यावर ती कात्रीबाईंना बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. ऊन उतरलं होतं, दुकानांपुढं माणसं होती. फाटकातून निघाल्यापासून बाई पुढच्या खेळाचं, कागदाच्या दर्जाचं, एका आळशी चित्रकाराचं बोलत होत्या. अर्ध्या रस्त्यात त्या थांबल्या.

"तू मला सारखी भिंतीकडे का ढकलतेयस गं? चालू दे की नीट."

ती त्यांच्या डाव्या हाताला होती, खांद्याला खांदा लावून. तिनं माफी मागितली आणि थोडं अंतर ठेवून चालू लागली.

बस आली, बाई गेल्या. परत येताना फूटपाथ बराच रुंद वाटला. ती त्याच्या डाव्या कडेनं चालत होती आणि उजवीकडे एका माणसाला पुरेल एवढी जागा मोकळी राहत होती. समोरून येणारे लोक त्या जागेतून जात होते.